एमएमएचा पूर्णवेळ सराव : कोकणातल्या खेळाडूने पैशाची आणि माणसांची जुळवाजुळव कशी करावी

कोकणातून मिश्र युद्धकलेकडे, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेल्या एमएमएकडे, वळणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा ‘प्रायोजक कुठे मिळेल’ असा असतो. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याच्या आधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: मिळणाऱ्या पैशातून नेमके काय साधायचे आहे आणि ते किती महिन्यांत साधायचे आहे. या खेळात पाठबळाचा खरा उपयोग वेळ मिळवण्यासाठी होतो. दिवसातून दोनदा तालीम करून मधल्या वेळेत झोप घेता यावी, अंग ठणकत असताना कामाच्या पाळीवर जावे लागू नये आणि दुखापत झालीच तर ती अंगावर काढावी लागू नये, एवढे ज्या रकमेने साधते ती रक्कम पुरेशी मानावी. सत्कारात एकदाच मिळालेल्या मोठ्या धनादेशापेक्षा दीड वर्ष दरमहा ठरल्या तारखेला येणारी लहान रक्कम खेळाडूला अधिक पुढे नेते. या लेखात जे काही सुचवले आहे ते सारे या एका धोरणाला धरून आहे.

पूर्णवेळ होण्याआधी

व्यावसायिक लढतीत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, अजिंक्यपदासाठी पाच. हातात चार औंसांचे, बोटे मोकळी ठेवणारे हातमोजे असतात आणि ठोसे, लाथा, गुडघे, कोपर, कुस्तीचे डाव, जमिनीवरच्या पकडी हे सारे चालते. हौशी गटात आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे फेऱ्या तीन मिनिटांच्या असतात, कोपराने मारण्यास मनाई असते आणि नडगीला संरक्षक बांधावे लागते. इतक्या अंगांचा हा खेळ असल्यामुळे त्यात कोऱ्या पाटीने पूर्णवेळ उतरणे शहाणपणाचे नाही. किमान एका पायाभूत खेळात जिल्हा किंवा विभाग पातळीपर्यंत मजल गेलेली असावी, चार-पाच हौशी लढती खेळून झालेल्या असाव्यात आणि त्यांतील निदान एक पराभव पचवून खेळाडू पुन्हा तालमीत उभा राहिलेला असावा. हे झाल्याशिवाय कोणाकडेही पैसे मागू नयेत, कारण त्याआधी खेळाडूकडे दाखवण्यासारखे काही नसते आणि त्याला स्वतःलाही आपली खात्री पटलेली नसते.

ज्यांची नावे आज घेतली जातात त्यांच्याकडे पाहिले तरी हाच क्रम दिसतो. रितू फोगाट या २०१९ मध्ये सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिप या एमएमए लढतींच्या आयोजक संस्थेकडे गेल्या, त्या राष्ट्रकुल कुस्ती अजिंक्यपद मिळवून. २०२४ च्या जून महिन्यात यूएफसी या अमेरिकी एमएमए आयोजक संस्थेची लढत जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला पूजा तोमर मूळच्या वुशू या चिनी युद्धकलेच्या खेळाडू. २०१७ मध्ये शांघायला यूएफसीच्या जाळीत उतरलेले भरत खंडारे कुस्तीतून आले. कोकणात कुस्तीची परंपरा घाटावरच्याइतकी दाट नाही, हे मान्य करावे लागते. मात्र रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत कबड्डी गावोगाव खेळली जाते आणि कबड्डीपटू या खेळात झपाट्याने शिकतात, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. घोटा किंवा कंबर धरणे, धरलेल्या पकडीतून अंग सोडवून पुढे झेपावणे, पाय मागे फेकून तोल राखणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात आणि एमएमएमध्ये पट काढणे (पाय धरून खाली पाडणे) व पट चुकवणे याच पायावर उभे असते. त्यांना ठोसे शिकवता येतात. अंगाला अंग भिडल्यावर न बिचकण्याची सवय मात्र लहानपणापासूनच लागलेली असावी लागते.

पायाभूत खेळ जिवंत ठेवण्याचे दुसरे कारण थेट पैशाशी जोडलेले आहे. शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे क्रीडागुण, खेलो इंडियासारख्या योजना या सर्व मान्यताप्राप्त खेळांच्या प्रमाणपत्रांवर चालतात. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला वरखर्चासाठी महिन्याला १०,००० रुपये मिळतात, पण तेथे पोहोचण्याचा रस्ता कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, वुशू अशा खेळांतून जातो. म्हणून एमएमए हे ध्येय असले तरी अधिकृत राज्य संघटनेच्या स्पर्धा सोडू नयेत, प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबाग येथील जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वर्षातून दोनदा तरी फेरी मारून चालू योजनांची माहिती घ्यावी. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडास्पर्धेत एमएमएचा समावेश झाला आहे, त्यामुळे शासकीय दृष्टी पुढेमागे बदलू शकेल. तोवर हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये.

हंगामाचे भान

कोकणात राहून पहिली दोन वर्षे तयारी करता येते, मात्र तिचे वेळापत्रक शहरातल्या व्यायामशाळेचे उचलून चालत नाही. घरी आंब्याची कलमे असतील तर मार्च ते मे या काळात पेट्या भरणे, उचलणे आणि रात्री गाडी भरून देणे यांतच अंगातील ताकद जाते. या तीन महिन्यांत लढत स्वीकारू नये, फक्त तंत्राचा हलका सराव ठेवावा. मच्छीमार घरांतील मुलांसाठी गणित उलटे आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि हेच दोन महिने सलग, बंदिस्त जागेतील कसून सरावाला मिळतात. पावसात वाळूवरची धाव बंद पडते, पण चटईवरच्या कुस्तीसाठी समाजमंदिर किंवा शाळेचे सभागृह संध्याकाळी मोकळे असते आणि ग्रामपंचायतीकडे रीतसर अर्ज केला तर ते नाममात्र भाड्यात मिळू शकते. जून ते गणपतीपर्यंत पायाभरणी, गणपतीनंतर स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी लढती, अशी वर्षाची मांडणी आपल्याकडे सर्वांत सोयीची ठरते.

रत्नागिरीच्या मुलांनी महिन्यातून चार-पाच दिवस आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन एखाद्या तालमीत राहावे, असे मी आवर्जून सांगेन. तेथल्या वस्तादांकडून दुहेरी पट, ढाक आणि गर्दनखेच हे कुस्तीचे डाव ज्या बारकाईने शिकायला मिळते ती पुढे कितीही पैसे मोजून सहजी मिळत नाही. सिंधुदुर्गातल्या मुलांना यासाठी गोवाही जवळ पडतो.

खर्चाचा कागद

मुंबईला जाण्याचा निर्णय झाला की बहुतेक घरांत एकच वाक्य उच्चारले जाते, ते म्हणजे ‘मामाकडे राहील’. दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार या पट्ट्यात आपल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी असतेच आणि ही मोठी सोय आहे. परंतु पूर्णवेळ सराव करणारा मुलगा हा चार दिवसांचा पाहुणा नसतो. त्याला दुपारी दोन तास झोप लागते, दिवसातून पाच वेळा खायला लागते, त्याचे घामाने भिजलेले कपडे रोज धुवावे लागतात आणि एका खोलीच्या घरात मामा रात्रपाळी करून आलेले असतील तर दोघांचीही झोपमोड होते. म्हणून नात्यात राहायचे झाले तरी मामीच्या हातात दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, ती आधी बोलून ठरवावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. संकोचापोटी हे बोलणे टाळले जाते आणि वर्षभरात नाते व सराव दोन्ही बिघडतात, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

कागदावर मांडणी कशी करावी याचा एक नमुना देतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले भरावेत. दोघांत मिळून घेतलेल्या खोलीचा वाटा ५,००० रुपये, खुराक ९,०००, व्यायामशाळेचे शुल्क ५,०००, लोकल आणि रिक्षा १,०००, फिजिओथेरपी व औषधे २,५००, साहित्य व किरकोळ २,०००, स्पर्धा आणि प्रवासासाठी बाजूला काढायचे २,५००, अशी महिन्याची बेरीज २७,००० होते. अठरा महिन्यांचे ४,८६,००० रुपये झाले. त्यावर तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ८१,०००, दुखापतीसाठी वेगळा ठेवला की ५,६७,००० ही रक्कम समोर येते. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण तो एका माणसाकडून आणायचा नाही. अठरा महिने ही मुदतही मुद्दाम धरली आहे: त्याहून कमी काळात प्रगती दिसत नाही आणि त्याहून जास्त काळाचा शब्द घरचे किंवा बाहेरचे, कोणीही मनापासून देत नाही.

खुराकाच्या रकमेत काटकसर करू नये, पण उगाच उधळपट्टीही करू नये. बांगडा, तारली, पेडवे, सुकट, कुळीथ, अंडी आणि भात यांवर उत्तम शरीर घडते. गावाहून महिन्याला एकदा येणारी सोडे-सुकटीची आणि कुळथाच्या पिठाची पिशवी पूरक आहाराच्या महागड्या डब्यांइतकीच कामाची आहे.

पाठबळ कुठून उभे करावे

१९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला जाणार होते तेव्हा प्रवासखर्च हाच मोठा अडसर होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, इतरांनी यथाशक्ती वर्गणी दिली आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. त्याच खर्डेकरांच्या नावाचे महाविद्यालय आज वेंगुर्ल्यात उभे आहे. आपल्या भागात खेळाडूच्या पाठीशी उभे राहण्याची रीत आहे. मात्र आजच्या खेळाडूने कोणावर घर गहाण ठेवण्याची वेळ आणू नये आणि त्यासाठी भार अनेकांत वाटावा.

पहिला वाटा स्वतःचा असावा. सकाळ-संध्याकाळच्या सत्रांच्या मध्ये लहान मुलांचा एक वर्ग घेणे हे सर्वांत चांगले काम, कारण ते तालमीच्या जागीच होते आणि शिकवताना आपले तंत्रही घासून निघते. दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक काम मात्र घेऊ नये. रात्रीच्या सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्या सहज मिळतात, पण झोप गेली की सरावाचा उपयोग राहत नाही, तेव्हा त्या टाळाव्यात. दुसरा वाटा घरचा. तो किती, हे आईवडिलांसमोर बसून आकड्यात ठरवावे आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला हात लागणार नाही याची खात्री करून घ्यावी. शेत, कलमे किंवा होडी गहाण ठेवून, पतसंस्थेचे कर्ज काढून किंवा सावकाराकडून पैसे घेऊन हा खेळ करू नये. उत्पन्न कधी सुरू होईल हे ठाऊक नसताना हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू होतो.

तिसरा आणि कोकणासाठी सर्वांत मोलाचा आधार म्हणजे गावाचे मुंबईतील ग्रामविकास मंडळ. देवळाचा सभामंडप, शाळेचे पत्रे, क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा यांसाठी ही मंडळे वर्षानुवर्षे पैसा उभा करत आली आहेत. त्यांच्यापुढे जाण्याचीही एक पद्धत आहे. गणपतीच्या धामधुमीत किंवा शिमग्याला पालखी दारात असताना हा विषय काढू नये. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात तेव्हा अध्यक्ष आणि खजिनदार यांना घरी जाऊन भेटावे आणि नंतर मुंबईतील मासिक सभेत दहा मिनिटे मागून घ्यावीत. सोबत एक पानी निवेदन असावे. त्यात आपले नाव, वजनगट, आजवरच्या हार-जिती जशाच्या तशा, प्रशिक्षकाचे नाव, वर सांगितलेला महिन्याचा खर्च, त्यांपैकी किती जुळले आणि किती कमी पडते, आणि अठरा महिन्यांत कोणत्या तीन टप्प्यांवर पोहोचायचे आहे, एवढेच लिहावे. पराभव लपवू नयेत, कारण ते आज एका मिनिटात शोधता येतात.

सभेत प्रश्न कसे येतात हेही आधी जाणून घ्यावे. कोपऱ्यात बसलेले एखादे वयस्क काका शेवटी बोलतात आणि नेमके विचारतात, “बाबा रे, तुका काय झाला तर तुझ्या आयशीक आमी काय सांगूचा?” या प्रश्नाला ‘काही होणार नाही’ हे उत्तर देऊ नये, कारण ते खरे नाही. विमा कोणता घेतला आहे, तपासण्या कोणत्या झाल्या आहेत, डॉक्टरांनी थांबवले तर आपण थांबणार आहोत आणि अठरा महिन्यांनी जमले नाही तर कोणती नोकरी किंवा शिक्षण पुढे आहे, हे चार मुद्दे शांतपणे सांगावेत. पन्नास सभासदांनी दरमहा दोनशे रुपये दिले तर दहा हजार होतात आणि कोणाच्याही घरखर्चाला धक्का लागत नाही. ही रक्कम मंडळाच्या खात्यात जमा व्हावी आणि तेथून खेळाडूच्या खात्यात यावी. हातात रोख घेऊ नये.

स्थानिक व्यावसायिकांकडे, म्हणजे हॉटेलमालक, आंबा-काजू प्रक्रिया करणारे, बर्फ कारखानदार, वाहन विक्रेते यांच्याकडे, रोख रकमेऐवजी वस्तू किंवा सेवा मागितल्यास होकार लवकर मिळतो. फिजिओथेरपिस्टने महिन्याला दोन बैठका विनामूल्य द्याव्यात, किराणा दुकानदाराने अंडी-धान्य द्यावे, गाडीवाल्याने स्पर्धेला नेऊन आणावे, अशा मागण्या त्यांनाही झेपतात. बदल्यात त्यांचे नाव चड्डीवर, टी-शर्टवर आणि समाजमाध्यमांवर दिसेल असे सांगताना एक काळजी घ्यावी: मोठ्या आयोजकांच्या लढतीत अंगावर कोणाचे नाव असावे हे आयोजकच ठरवतात, म्हणून जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये. पूरक आहाराचे दुकान हे बहुधा पहिले प्रायोजक असते. तेथे विशेष सावध राहावे, कारण उत्तेजक चाचणीत शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते आणि ‘डब्यात काय होते ते ठाऊक नव्हते’ या सबबीने सहसा सुटका होत नाही. पायाभूत खेळाच्या अधिकृत स्पर्धा खेळणाऱ्याला तर हा धोका थेट भोवतो.

मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीविषयी बरेच गैरसमज आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, त्यामुळे एका फायटरच्या व्यावसायिक कारकिर्दीसाठी हा पैसा मागता येत नाही. मात्र तालुक्यातील कुस्ती, ज्युदो किंवा बॉक्सिंगच्या केंद्रासाठी, सीएसआर-१ ही असा निधी घेण्यासाठी लागणारी नोंदणी असलेल्या विश्वस्त संस्थेमार्फत, मॅट आणि प्रशिक्षकाचे मानधन मागता येते. अशा केंद्राचा लाभ एमएमएच्या मुलांनाही होतो आणि गावात पुढची फळी तयार होते.

राहून सराव : कोणती व्यवस्था स्वीकारावी

जगभरात याचे निरनिराळे नमुने आहेत. थायलंडमध्ये मुष्टियोद्धे लहानपणापासून शिबिरात राहतात, शिबिर त्यांना जेवू-खाऊ घालते आणि प्रथेप्रमाणे लढतीच्या मानधनातील निम्म्यापर्यंत वाटा घेते. पुढे यूएफसीचे अजिंक्यवीर झालेले ब्राझीलचे जोसे आल्डो मनाउसहून रिओला आले तेव्हा नोव्हा युनियाओच्या तालमीतच झोपत असत. फुकेतच्या टायगर मुए थाई या केंद्राने निवड चाचण्या घेऊन निवडलेल्यांना राहणे आणि प्रशिक्षण विनामूल्य दिले आहे. शांघायमध्ये यूएफसीने २०१९ मध्ये प्रशिक्षण संस्था उघडली आणि निवडक चिनी खेळाडूंची पूर्णवेळ सोय केली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘शुल्क नको, वर्ग घे आणि इथेच राहा’ अशी तोंडी व्यवस्था असते. ती वाईट नाही, पण काम किती तास, रजा किती, आजारी पडल्यास काय आणि मानधनात वाटा किती, हे चार मुद्दे लिहून घ्यावेत.

व्यायामशाळा निवडण्याआधी एक आठवडा तेथे सराव करून पाहावा. आपल्या वजनाचे आणि आपल्याहून सरस असे निदान तीन जोडीदार तेथे आहेत का, हे प्रथम बघावे. यंत्रे आणि आरसे किती आहेत याला महत्त्व नाही. प्रशिक्षक स्पॅरिंग कसे घेतात हे पाहिल्यावर बाकीचे आपोआप कळते. आठवड्यातून दोनदा ठरलेले, देखरेखीखालचे स्पॅरिंग पुरे होते आणि त्यातही डोक्यावर जोराचे ठोसे एकाच सत्रात असावेत. रोज पूर्ण ताकदीने मारामारी चालत असेल, एखादा मुलगा डोके गच्च झाल्याचे सांगूनही त्याला पुन्हा उभे केले जात असेल, तर ती जागा विनामूल्य असली तरी सोडावी. मुलींच्या बाबतीत पालकांनी राहण्याची खोली स्वतः पाहावी, दाराला आतून कडी आहे का, सोबत कोण राहते, रात्री उशिराच्या सत्रानंतर पोहोचवण्याची सोय काय आहे हे विचारावे आणि कधीही न कळवता भेटायला येता येईल असे आधीच सांगून ठेवावे. ज्या प्रशिक्षकाला ही अट रुचत नाही त्याच्याकडे मुलीला पाठवू नये.

करार

पैसे देणारा आपलाच माणूस असला तरी लेखी करार करावा, आणि आपलाच असला तर जरूर करावा. अठरा वर्षांखालील मुलाला कायद्याने करार करता येत नाही, म्हणून त्याच्याकडून सह्या घेऊन ठेवणाऱ्यांपासून दूर राहावे. पैसा देणगी आहे, जाहिरातीचा मोबदला आहे, कर्ज आहे की गुंतवणूक, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट असावे. पुढचे बहुतेक वाद येथेच सुरू होतात: देणाऱ्याच्या मनात गुंतवणूक असते आणि घेणाऱ्याच्या मनात देणगी.

मानधनातील वाटा मागणारा गुंतवणूकदार भेटला तर त्याला दोन मर्यादा घालाव्यात, रकमेची आणि काळाची. ‘दिलेल्या पैशाच्या दीडपट परत मिळेपर्यंत किंवा तीन वर्षे, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत’ असे शब्द दोघांनाही न्याय्य ठरतात. ‘संपूर्ण कारकिर्दीतील उत्पन्नाच्या अमुक टक्के’ हे शब्द कितीही गोड बोलून पुढे केले तरी सही करू नये. व्यवस्थापक साधारणपणे १० ते २० टक्के घेतात, प्रशिक्षक सुमारे १० टक्के. हे सारे वाटे मिळून मानधनाच्या एक तृतीयांशावर जाऊ नयेत. यूएफसीतील नवोदिताच्या करारात ‘उतरल्याचे’ १०,००० किंवा १२,००० डॉलर आणि जिंकल्यास तेवढेच आणखी, अशी रचना बराच काळ प्रचलित होती. वर्षाला दोन लढती धरल्या, त्यांतील एक हरली, वाटे, प्रवास आणि कर वजा केले, तर शिखरावर पोहोचलेल्यालाही हाती राहणारी रक्कम कल्पनेहून बरीच कमी असते. देशांतर्गत लढतींचे मानधन तर त्याच्या जवळपासही जात नाही. हे गणित गुंतवणूकदारासमोर खेळाडूनेच मांडावे. ते ऐकूनही जो सोबत राहतो तोच पुढे टिकतो.

आयोजकाबरोबरच्या करारात अनन्यतेचे कलम, म्हणजे फक्त त्याच आयोजकासाठी लढण्याचे बंधन, बारकाईने वाचावे. किती लढती, किती महिन्यांत, आणि आयोजकाने त्या दिल्याच नाहीत तर खेळाडू मोकळा होतो का, हे त्यात असलेच पाहिजे. करार संपल्यानंतरही दुसरीकडे लढण्यास बंदी घालणारे कलम भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकणे कठीण असते, पण करार चालू असतानाचे बंधन न्यायालये सहसा मान्य करतात. म्हणून सहीआधी तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या वकिलांना दोन तास बसवून ते वाचून घ्यावे. या कामाची फी खर्चाच्या कागदात पहिल्या महिन्यातच धरावी. आणखी एक कलम प्रत्येक करारात घालावे: लढायचे की नाही याचा अंतिम शब्द डॉक्टरांचा राहील आणि डॉक्टरांनी थांबवले म्हणून मासिक मदत बंद होणार नाही.

विमा, तपासण्या आणि हिशेब

साधी आरोग्य विमा पॉलिसी व्यावसायिक स्वरूपात खेळलेल्या धोकादायक खेळातील दुखापतीचा खर्च सहसा देत नाही, तसे प्रमाणित अपवादाचे कलमच त्यात असते. म्हणून विमा घेताना खेळ लपवू नये, वैयक्तिक अपघात विम्यात या खेळाचा समावेश लेखी मागून घ्यावा आणि प्रत्येक लढतीआधी आयोजकाचा विमा कोणता व किती रकमेचा, हे विचारावे. गुडघ्याच्या अस्थिबंधनाची शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात लाखाच्या पुढे सहज जाते आणि त्यानंतर सात-आठ महिने मॅटवर उभे राहता येत नाही. वर सांगितलेला तीन महिन्यांचा राखीव खर्च याच कारणासाठी आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि शक्य असल्यास मेंदूचा एमआरआय पूर्णवेळ सराव सुरू करतानाच करून ठेवावा, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहतो.

स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि सर्व मदत त्यातच यावी. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात देणगी म्हणून आलेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली तर ती सगळीच करपात्र ठरते, आणि जाहिरातीच्या बदल्यात आलेला पैसा हे तर सरळ उत्पन्नच असते. मंडळाच्या वर्गणीतून वर्षाला लाखभर रुपये येणार असतील तर सुरुवातीलाच सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. विवरणपत्र दरवर्षी भरावे. परदेशी लढतीचा व्हिसा मागताना त्याचा उपयोग होतो. पारपत्र आजच काढून ठेवावे, कारण बदली खेळाडू म्हणून येणारे बोलावणे दहा-पंधरा दिवसांच्या मुदतीने येते.

पाठीराख्यांना महिन्याच्या पहिल्या रविवारी एक संदेश जावा. त्यात किती सत्रे झाली, वजन किती, काय दुखते आहे, पैसे कुठे गेले आणि पुढची लढत कधी, एवढे पाच ओळींत लिहावे. दुखापत झाली तर ती त्याच दिवशी कळवावी. नवव्या महिन्यात प्रशिक्षक, पालक आणि मंडळाचा एक प्रतिनिधी यांना एकत्र बसवून ठरवलेले टप्पे तपासावेत. पंधराव्या महिन्यात पुन्हा बसावे आणि तेव्हा पुढच्या अठरा महिन्यांचा नवा कागद करायचा, सराव अर्धवेळ करून नोकरी धरायची की पोलीस भरतीचा अर्ज खेळाडू कोट्यातून भरायचा, हे ठरवावे. राखीव रकमेतून उरलेला पैसा हिशेबासह मंडळाकडे परत करावा आणि तो गावातल्या पुढच्या मुलासाठी ठेवण्याची विनंती त्याच सभेत लेखी द्यावी.